भावंडांचा समेट: क्षमा आधी की न्याय आधी?

बायबलमध्ये नोंदलेला पहिला खून भावाने भावाचा केलेला आहे. काइनाने हाबेलाला शेतात मारले आणि देवाने भावाविषयी विचारले तेव्हा जबाबदारी झटकणारे उत्तर दिले. उत्पत्तीच्या पुस्तकात ही कथा चौथ्या अध्यायात येते. त्यानंतर इश्माएल आणि इसहाक, याकोब आणि एसाव, लेआ आणि राहेल, योसेफ आणि त्याचे भाऊ अशी पिढ्यान्‌पिढ्या भावंडांची वितुष्टे येत राहतात. पन्नासाव्या, म्हणजे शेवटच्या अध्यायात मात्र योसेफ ज्या भावांनी आपल्याला विकले त्यांनाच धीर देतो आणि त्यांच्या मुलाबाळांना पोसण्याची हमी घेतो. काइनाने झटकलेली जबाबदारी योसेफ उचलतो. समेटाविषयीचा उत्पत्तीचा सारा विचार या दोन कथांच्या मध्ये उलगडत जातो.

त्या विचाराचा अर्थ श्रद्धावंत दोन प्रकारे लावतात. एका मतानुसार क्षमा आधी यावी. हिशेब मांडत बसले तर समेट कधीच होत नाही. दुसऱ्या मतानुसार खरे काय घडले हे आधी बोलले जावे आणि घेतलेले परत दिले जावे; नाहीतर समेट म्हणजे दुबळ्याला गप्प बसवण्याची सोय ठरते. पुढील संवादात पहिले मत एका मंडळीचे पाळक मांडतात आणि दुसरे त्याच मंडळीतले एक वकील, ज्यांच्याकडे घरच्या वाटण्यांचे दावे येतात. दोघांनाही बायबल प्रमाण आहे. वाद आहे तो ते कसे वाचावे यावर.

याकोब आणि एसाव: भेटीची तयारी

पाळक: वकीलसाहेब, समेटाचे सर्वांत ठळक उदाहरण एसावाचे आहे. धाकट्याने त्याच्याकडून डाळीच्या वाटीवर ज्येष्ठपणाचा हक्क घेतला. मग आंधळ्या बापासमोर हातांना आणि मानेला करडांची कातडी बांधून आशीर्वादही मिळवला. बापाचे सुतक संपले की याकोबाला ठार मारायचे, असे एसावाने ठरवले होते. तोच एसाव 20 वर्षांनी भाऊ दिसताच धावत जातो, गळ्यात पडतो आणि रडतो. याकोबाने अपराधाचा उच्चार करण्याची वाटही तो पाहत नाही. क्षमा अशीच असते. ती अटी घालत नाही.

वकील: पाळकसाहेब, ती भेट 33 व्या अध्यायात आहे. त्याआधीचा 32 वा अध्याय सोडून चालणार नाही. याकोब आधी निरोप पाठवतो. एसाव 400 माणसांसह येत आहे हे कळल्यावर तो घाबरतो, प्रार्थना करतो आणि मग भेट पाठवतो: 200 शेळ्या, 20 बोकड, 200 मेंढ्या, 20 एडके, 30 दुभत्या सांडण्या आणि त्यांची पिल्ले, 40 गाई, 10 बैल, 20 गाढवी, 10 गाढव. पिल्ले सोडून ही जनावरे 550 भरतात. ज्याने भावाचे हिसकावून घेतले, तो आता आपल्या कळपातले काढून देतो. भेटीच्या क्षणी तो सात वेळा जमिनीपर्यंत लवतो. तोंडाने कबुली दिलेली नसली तरी त्याच्या वागण्यातून ती स्पष्ट दिसते.

पाळक: पण एसाव ती भेट आधी नाकारतो. आपल्यापाशी पुष्कळ आहे असे तो म्हणतो. त्याची क्षमा जनावरांनी विकत घेतलेली नव्हती.

वकील: बरोबर. आणि तरीही याकोब आग्रह धरतो आणि एसाव शेवटी स्वीकारतो. देणाऱ्याने देणे आणि घेणाऱ्याने हिशेब न करता घेणे, या दोन्ही गोष्टी त्या भेटीत आहेत.

या कथेचा शेवट बहुधा सांगितला जात नाही. एसाव बरोबर प्रवास करण्याचे सुचवतो. याकोब मुले लहान आहेत, जनावरे पाजती आहेत असे कारण देतो, मागाहून सेईरला येतो म्हणतो आणि प्रत्यक्षात सुक्कोथला जातो. पुढे बापाला, इसहाकाला, दोघे मिळून मूठमाती देतात. त्यानंतर दोघांची जनावरे एका प्रदेशात मावेनात म्हणून एसाव दुसरीकडे राहायला जातो. वैर संपले, तरी एकत्र राहणे झाले नाही. दोघांच्या वंशजांमध्ये, म्हणजे अदोम आणि इस्राएल यांच्यामध्ये, पुढे पुन्हा शत्रुत्व आले. ओबद्याचे छोटे पुस्तक अदोमावरच आहे. तरीही अनुवाद नावाच्या पुस्तकातला नियमशास्त्राचा भाग अदोम्याला भाऊ मानतो आणि त्याचा तिरस्कार करू नये असे बजावतो. नाते तुटले तरी मिटत नाही, हा विचार इथे कायद्याच्या भाषेत आला आहे.

योसेफ: पारख आणि क्षमा

योसेफ 17 वर्षांचा असताना भावांनी त्याला दोथानजवळ खड्ड्यात टाकले आणि चांदीच्या 20 नाण्यांना विकले. त्याचा झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवून बापापुढे ठेवला. तो 30 वर्षांचा असताना फारोपुढे उभा राहिला. त्यानंतर सुबत्तेची सात वर्षे आणि दुष्काळाची दोन गेल्यावर त्याने भावांना आपली ओळख दिली. विकला गेल्यापासून त्या ओळखीपर्यंत सुमारे 22 वर्षे लोटली होती.

वकील: धान्यासाठी आलेल्या भावांना योसेफ पाहताक्षणी ओळखतो, पण ओळख देत नाही. दुभाष्यामार्फत कठोर बोलतो, हेर म्हणून तीन दिवस कोठडीत ठेवतो आणि शिमोनाला अडकवून ठेवतो. पुढच्या खेपेला धाकट्या भावाच्या, बन्यामिनाच्या, गोणीत चांदीचा प्याला ठेवायला लावतो. हे सगळे तो सूड म्हणून करत असता तर आडोशाला जाऊन पुन्हा पुन्हा रडला नसता. त्याला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती: आपल्याच आईचा, राहेलीचा, दुसरा मुलगा अडचणीत सापडला तर हे भाऊ त्यालाही सोडून देतील का?

पाळक: आणि भावांपैकी यहूदा पुढे येतो. योसेफाला विकण्याची कल्पना याच यहूदाची होती. आता तो बन्यामिनाऐवजी स्वतः गुलाम व्हायला तयार होतो, कारण बापाचे दुःख त्याला पाहवणार नाही. तिथे योसेफाला स्वतःला आवरणे अशक्य होते. हे मला मान्य आहे वकीलसाहेब, की पश्चात्ताप दिसल्यावरच योसेफ ओळख देतो. पण त्याच्या मनातली क्षमा त्याआधीची आहे. त्याने पहिल्याच खेपेला भावांचे पैसे गोण्यांत परत ठेवले होते आणि वाटेसाठी शिधाही दिला होता. द्वेष असता तर त्याने त्यांना उपाशी परत पाठवले असते.

वकील: मग आपण दोन वेगळ्या गोष्टींविषयी बोलत आहोत. मनातला सूड सोडणे ही एक गोष्ट. ती एकट्याला करता येते. पुन्हा विश्वासाने नाते जोडणे ही दुसरी. तिला दोघे लागतात. योसेफाने पहिली गोष्ट लवकर केली असेल. दुसरीसाठी मात्र तो थांबला.

या फरकाला उत्पत्तीच्या शेवटच्या अध्यायात आणखी पुरावा मिळतो. ओळख पटल्यानंतर याकोब मिसरमध्ये 17 वर्षे जगला. तो मरण पावताच भावांना भीती वाटू लागली की बापासाठी आवरलेला सूड आता योसेफ उगवील. बापाने मरण्यापूर्वी क्षमेची आज्ञा दिली होती असा निरोप त्यांनी पाठवला. तो ऐकून योसेफ रडला. त्याने त्यांना सांगितले की न्यायनिवाडा करणाऱ्या देवाच्या जागी आपण नाही. त्यांनी वाईट योजले होते हे त्याने नाकारले नाही. देवाने त्यातून अनेकांचे प्राण वाचवण्याचे भले साधले, असेही म्हटले. अपराधाचे नाव घेणे आणि सूड सोडणे, दोन्ही त्याने एकाच उत्तरात केले. 17 वर्षे एका प्रदेशात, त्याच्या आश्रयाने राहूनही भावांच्या मनातली धास्ती गेली नव्हती, यावरून गळाभेटीनंतरही समेटाचे बरेच काम उरलेले असते हे दिसते. क्षमा करणाऱ्यापेक्षा क्षमा मिळालेल्याला ती पचवायला कधी कधी जास्त वेळ लागतो.

तामार: दडपलेला अन्याय

वकील: जे घरचे लोक झाले गेले विसरा म्हणतात, त्यांनी 2 शमुवेल 13 वाचावा. दावीदाचा मुलगा अम्नोन आपल्या सावत्र बहिणीवर, तामारेवर, बलात्कार करतो. तिचा सख्खा भाऊ अबशालोम तिला गप्प राहायला सांगतो. राजा संतापतो, पण काहीच करत नाही. तामार भावाच्या घरी उदास आयुष्य काढते. दोन वर्षे अबशालोम अम्नोनाशी बरे-वाईट काही बोलत नाही आणि मग मेंढरांच्या लोकर कातरणीच्या मेजवानीत त्याला मारवतो. तो तीन वर्षे गशूरला पळून राहतो. यरुशलेमेत परत आल्यावर आणखी दोन वर्षे बापाचे तोंड पाहत नाही. शेवटी दावीद त्याचे चुंबन घेतो. कोणी काही बोलत नाही, कोणी काही कबूल करत नाही, आणि पुढच्याच अध्यायात अबशालोम बंड उभारतो. पाळकसाहेब, चुंबन तर इथेही आहे.

पाळक: या कथेपुढे मी माझे मत अपुरे मानतो. अत्याचार सोसलेल्या बहिणीला भावाशी जुळवून घे म्हणून सांगणे हा सुवार्तेचा उपदेश नव्हे. तिथे पाळकाचे पहिले काम तिचे ऐकणे आणि तिला सुरक्षित ठेवणे हे आहे. पण मी एवढे म्हणेन, की अबशालोमाने न्याय स्वतःच्या हातात घेतल्यावर तामारेला काय मिळाले? कथेत ती पुन्हा येतच नाही. सूडाने तिचे ऐकले नाही, तसे गप्प बसण्यानेही ऐकले नाही.

दोन्ही मते इथे पहिल्यांदा जुळतात. जिथे शारीरिक किंवा लैंगिक अत्याचार झाला आहे, जिथे जिवाला धोका आहे, तिथे समेटाचा आग्रह धरण्याचा अधिकार कुटुंबाला किंवा मंडळीला नाही. सूड सोडणे म्हणजे तक्रार मागे घेणे किंवा पुन्हा एका छपराखाली राहणे असा अर्थ बायबलच्या या कथांतून निघत नाही.

वारसा: लोभ आणि हक्क

भावंडांच्या दुराव्याचे सर्वांत नेहमीचे कारण वाटणी हे आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या 12 व्या अध्यायात गर्दीतला एक माणूस येशूला विनवतो की भावाला वतन वाटून द्यायला सांगा. येशू वाटणी करणारा होण्याचे नाकारतो, लोभापासून सावध राहायला सांगतो आणि कोठारे वाढवणाऱ्या धनवान मूर्खाचा दाखला देतो.

पाळक: येशूने वतनाचा निवाडा केला नाही, मनातल्या लोभावर बोट ठेवले. जमिनीच्या तुकड्यासाठी ज्या घरी वर्षानुवर्षे अबोला आहे, त्या घराला हा उतारा पुरेसा आहे. बहीण-भाऊ एकाच उपासनेला येतात, वेगवेगळ्या बाकांवर बसतात, एकाच प्रभुभोजनात भाग घेतात आणि बाहेर पडताना मान वळवतात. एकाने तरी आपला हट्ट सोडला तर दुरावा संपतो.

वकील: हट्ट सोडायचा कोणी? माझ्यासमोर बहुधा बहिणीच हक्कसोडपत्रावर सही करायला येतात, आणि ती सही नात्यासाठी केली असे म्हणतात. गणनाच्या पुस्तकात सलाफहादाच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, मोशेपुढे उभ्या राहून बापाचे वतन मागतात. त्यांना भाऊ नव्हता. त्यांचे म्हणणे योग्य आहे असा निर्णय देवाकडून येतो. हक्क मागणे म्हणजे लोभ, असे बायबल म्हणत नाही. आपल्याकडे मृत्युपत्र नसेल तर ख्रिस्ती माणसाच्या मिळकतीला 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो आणि त्यात मुलगा व मुलगी यांचे वाटे समान आहेत. गोव्याचा नागरी कायदा निराळा असला तरी वाटा तिथेही समानच. त्रावणकोर भागातल्या सिरियन ख्रिस्ती मुलींना मात्र 1916 च्या जुन्या कायद्याने मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा 5,000 रुपये, यांतले जे कमी असेल ते मिळत असे. सर्वोच्च न्यायालयाने 1986 साली मेरी रॉय यांच्या खटल्यात तिथेही 1925 चाच कायदा लागू असल्याचे ठरवले. हक्क मागणाऱ्या बहिणीला हट्ट सोड म्हणून सांगणे म्हणजे लोभाचा उपदेश चुकीच्या माणसाला करणे.

पाळक: मान्य आहे. लोभाविरुद्धचा उतारा ज्याच्या ताब्यात जमीन आहे त्यालाच आधी वाचून दाखवायला हवा. पण एक विनंती वकिलांनाही आहे. बहिणीने वाटा मागितला म्हणून तिच्याशी नाते तोडणाऱ्या भावाचे चुकते, तसे वाटा मिळाल्यावरही भावाचे तोंड न पाहण्याची शपथ घेणाऱ्या बहिणीचेही चुकते. हुकूमनाम्याने जमीन मिळते. भाऊ मिळत नाही.

भरपाईविषयी नियमशास्त्र स्पष्ट आहे. लेवीय 6 नुसार फसवून घेतलेले मूळ परत द्यायचे आणि त्यावर एक पंचमांश जास्त द्यायचा. त्यानंतर वेदीजवळ अर्पण न्यायचे. लूक 19 मधला जकातदार जक्कय अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि फसवलेल्यांना चौपट परत करण्याचे जाहीर करतो. दोन्ही ठिकाणी देवाशी समेट आणि माणसाला परतफेड यांची फारकत केलेली नाही.

आधी कोणी जावे?

वकील: निम्मे समेट इथेच अडतात. तो आला तर मी बोलेन, असे दोन्हीकडून म्हटले जाते.

पाळक: येशूच्या शिकवणीत या अडचणीला जागाच ठेवलेली नाही. मत्तय 5 मध्ये, अर्पण वेदीजवळ आणले असता भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी भावाकडे जायचे आहे. म्हणजे ज्याच्यामुळे दुखावले, त्याने जायचे. मत्तय 18 मध्ये, भावाने आपला अपराध केला तर दुखावलेल्याने स्वतः जाऊन त्याच्याशी एकांतात बोलायचे आहे. दोन्ही उतारे एकत्र वाचले तर वाट पाहत बसण्याची मुभा कोणालाच उरत नाही.

वकील: आणि मत्तय 18 मधली रीतही ध्यानात घ्यावी. आधी दोघांतच. ऐकले नाही तर एक-दोन साक्षीदार घेऊन. तरीही नाही तर मंडळीपुढे. आमच्या घरांत हा क्रम उलटा चालतो. आधी सगळ्या नातेवाइकांना सांगितले जाते आणि ज्याच्याविषयी आहे त्याला शेवटी कळते. लूक 17 मध्येही अपराध करणाऱ्याला दोष दाखवायचा आहे आणि त्याने पश्चात्ताप केला तर क्षमा करायची आहे. दोष दाखवणे हा तिथे प्रेमाचाच भाग आहे.

पाळक: त्याच उताऱ्यात दिवसातून सात वेळा अपराध आणि सात वेळा पश्चात्ताप झाला तरी क्षमा करायची आहे. मत्तय 18 मध्ये पेत्राने घातलेली मर्यादा येशू मोडतो, आणि स्वतःचे प्रचंड कर्ज माफ झाल्यावर दुसऱ्याच्या किरकोळ कर्जासाठी त्याला तुरुंगात टाकणाऱ्या चाकराचा दाखला देतो. क्षमेचे मूळ समोरच्याच्या लायकीत नाही. आपल्याला देवाकडून जे मिळाले त्यात आहे.

या वचनांतला भाऊ हा शब्द मंडळीतल्या सर्वांना लागू होतो. सख्ख्या भावंडांना तो दुपटीने लागू आहे. रोमकरांस पत्राच्या 12 व्या अध्यायात पौल सर्वांशी शांतीने राहायला सांगताना ते शक्य असेल तर आणि आपल्याकडून होईल तितके, अशी मर्यादा घालतो. समोरचा येणारच नसेल तर त्याचा दोष प्रयत्न करणाऱ्यावर येत नाही.

अपुरे राहिलेले समेट

लूक 15 मधल्या उधळ्या मुलाच्या दाखल्यात बाप आणि धाकटा यांचा समेट होतो, पण दोन भावांचा झालेला दिसत नाही. थोरला शेतातून येतो, मेजवानीचा आवाज ऐकतो आणि रागाने बाहेर थांबतो. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो. तो आत गेला की नाही हे दाखल्यात सांगितलेले नाही. थोरल्याची तक्रार खोटी नाही. त्याने खरोखर कित्येक वर्षे राबण्यात काढली आहेत. बाप त्याचा हक्क नाकारत नाही, जे आहे ते सगळे त्याचेच आहे असे सांगतो. न्याय मिळूनही जो आनंदात सामील होऊ शकत नाही, त्याच्यासाठी हा दाखला आहे.

येशूच्या स्वतःच्या घरातही दुरावा होता. योहान 7 सांगतो की त्याचे भाऊ त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हते. कॅथलिक परंपरा या भावांना जवळचे नातलग मानते, बहुतेक प्रोटेस्टंट सख्खे भाऊ मानतात. वधस्तंभापर्यंत त्यांच्या मनातला बदल शुभवर्तमानांत दिसत नाही. पौल लिहितो की पुनरुत्थित येशू या भावांपैकी याकोबाला दिसला. प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्याच अध्यायात हे भाऊ शिष्यांबरोबर प्रार्थनेत आहेत, आणि पुढे प्रभूचा भाऊ याकोब यरुशलेमच्या मंडळीचा प्रमुख होतो. ज्या भावांनी त्याला मानले नव्हते, त्यांच्याशी समेट येशूच्या बाजूने सुरू झाला.

दोन मतांचा मेळ

पाळक: तर मग क्षमा आधी, यावर मी ठाम आहे, पण आता ती कशाच्या आधी हे नेमके सांगेन. भावाकडे जाण्याआधी सूड मनातून काढायचा.

वकील: आणि न्यायाचा आग्रह मी सोडत नाही, पण तो भाऊ परत मिळावा म्हणून धरायचा, त्याला हरवण्यासाठी नाही.

या मेळातून एक क्रम हाती येतो. प्रथम दुखावलेल्याने सूडाचा हक्क देवाच्या हाती सोपवावा. हे एकट्याने करता येते आणि त्यासाठी समोरच्याच्या कबुलीची गरज नाही. मग दोघांपैकी ज्याला आठवण होईल त्याने एकांतात जाऊन काय घडले ते स्पष्ट बोलावे. ज्याने घेतले त्याने मोजून परत द्यावे, आणि जमिनीचा प्रश्न असेल तर वाटणीपत्र कायदेशीर करून नोंदवावे, म्हणजे तोच वाद पुढच्या पिढीकडे जात नाही. दुखावलेल्याने विश्वास परत बसायला वेळ घ्यावा, आणि क्षमा मिळालेल्याने त्या वेळेबद्दल कुरकुर करू नये. एकत्र राहणे साधले नाही तर याकोब आणि एसाव यांच्याप्रमाणे वैर सोडून वेगळे राहणेही समेटच आहे. अत्याचार झाला असेल तिथे सुरक्षितता सगळ्यांत आधी येते. समोरच्याने दार लावून घेतले असेल तर आपल्याकडून होईल तितके करून ते उघडे ठेवणे, एवढेच श्रद्धावंताच्या हाती उरते आणि देव त्याच्याकडून तेवढेच मागतो.